मदत हवी आहे : बाळांच्या औषध-अभ्यासात रक्ताचे नमुने, समितीला काय उत्तर द्यावं?

मुक्ता_र
तातडीने मदत हवी आहे. अतिदक्षता विभागातल्या मुलांमध्ये मेरोपेनेम या प्रतिजैविकाची रक्तातली पातळी मोजायचा अभ्यास आहे. नीतिमत्ता समितीने प्रस्ताव परत पाठवला. शेरा एवढाच, "रक्ताचे प्रमाण जास्त, समर्थन द्यावे." दर मुलामागे १० नमुने, प्रत्येकी १ मिली. कमी केले तर वेळेनुसार पातळी कशी उतरते त्याचा आलेख नीट बसणार नाही. समितीला पटेल असा मसुदा कुणी सुचवेल का? सोमवारी द्यायचा आहे.

थेंबेथेंब
सर्वांत हलक्या मुलाचं वजन किती? रक्त दर वेळी टोचून घेणार की लाइनमधून, म्हणजे रक्तवाहिनीत आधीच बसवलेल्या नळीतून? दहाही नमुने एकाच दिवशी का? हे कळल्याशिवाय मसुदा कसा सुचवणार?

सहीशिक्का
आधी संमतिपत्रक तपासा. सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकार वेगळा घ्यावा लागतो. पालकांची सही पुरत नाही. बहुतेक प्रस्ताव इथेच अडतात.

मुक्ता_र
सहीशिक्का, मुलं व्हेंटिलेटरवर आहेत आणि बहुतेक वर्षाच्या आतली. संमतीवर समितीचा आक्षेप नाही.
थेंबेथेंब, वजन ३ ते १५ किलो. धमनीतल्या लाइनमधून, दोन डोसमधल्या आठ तासांत.

थेंबेथेंब
मग समर्थन लिहून भागणार नाही, आराखडाच बदलावा लागेल. युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अभ्यासासाठी एका वेळी एकूण रक्ताच्या १% आणि चार आठवड्यांत ३% हून जास्त घ्यायचं नाही. किलोमागे ८० मिली धरलं तर ३ किलोच्या बाळात २४० मिली रक्त. म्हणजे एका वेळी २.४ मिली, चार आठवड्यांत ७.२ मिली. तुमचे नमुनेच १० मिली होतात.
शिवाय लाइनमधून घेताना आधीचं १-२ मिली काढून टाकता ना? घेताना वाया जाणारं रक्तही याच मर्यादेत मोजतात. ते धरून २० मिलीच्या पुढे जाल, म्हणजे ८% हून जास्त. आणि हे रोजच्या तपासण्यांच्या रक्तावर वेगळं.

उरलंसुरलं
नवीन रक्त घ्याच कशाला? रोजच्या तपासण्यांचं उरलेलं रक्त प्रयोगशाळेत पडून असतं, ते वापरा. बाळाला एकही जादा थेंब द्यावा लागत नाही.

शीतपेटी
फ्लुकोनॅझोलसारख्या टिकाऊ औषधाला हे चालतं, मेरोपेनेमला नाही. ते खोलीच्या तापमानाला विघटित होतं. टेबलावर काही तास राहिलेल्या नळीत पातळी खोटी कमी दिसेल आणि त्यावरून डोस वाढवायचा चुकीचा निष्कर्ष निघेल. नमुना लगेच बर्फात, लवकरात लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा द्रव) वेगळा करा आणि तो उणे ८० अंशांत ठेवा.

उरलंसुरलं
मग कागदावर वाळवलेला थेंब घ्या. २०-३० मायक्रोलिटरमध्ये काम होतं.

शीतपेटी
दाट रक्ताचा थेंब कागदावर कमी पसरतो, पातळ रक्ताचा जास्त. या मुलांना मध्येच रक्त चढवतात, त्यामुळे एकाच मुलाचे दोन थेंब सारखे पसरत नाहीत. सोमवारपर्यंत ते पडताळून होणार नाही.

काळजीवाहू
मुळात इतक्या आजारी मुलांवर अभ्यास करूच नये. मोठ्यांचा डोस वजनाच्या हिशेबाने द्यावा.

थेंबेथेंब
वजनाचा हिशेब इथे फसतो. मेरोपेनेम मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मोठ्यांत त्याचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण एक तास, नवजात बाळात दोन-तीन तास. आणि अभ्यास न करण्याचीही किंमत मुलंच मोजतात. २०११ची फीस्ट चाचणी बघा : युगांडा, केनिया, टांझानियातली ३,१४१ तापाची गंभीर मुलं. शिरेतून झपाट्याने द्रव देणं हितकारकच असं सगळे धरून चालले होते. ४८ तासांतले मृत्यू, झपाट्याने सलाइन दिलेल्यांत १०.५%, तसं न दिलेल्यांत ७.३%. देखरेख समितीने चाचणी मध्येच थांबवायला लावली.

मुक्ता_र
कृपया विषयावर या. १० नमुने नाही तर किती?

थेंबेथेंब
चार, प्रत्येकी ०.३ मिली, सूक्ष्म ईडीटीए नळीत (ईडीटीएने रक्त गोठत नाही). एकूण १.२ मिली. काढून टाकायचं रक्त लाइनला जोडलेल्या बंद नमुना-संचातून बाळाकडे परत जाऊ द्या, म्हणजे ते वाया जात नाही. ०.३ मिलीतून अंदाजे ०.१५ मिली प्लाझ्मा मिळतो. मापनाला ५० मायक्रोलिटर पुरत असतील तर फेरतपासणीलाही उरतो. लॅबला हे आधी विचारून लेखी घ्या.
प्रत्येक मुलाचा आलेख पूर्ण व्हायची गरज नाही. सगळ्या मुलांचे नमुने मिळून एकच गणिती प्रारूप बसवा. वेळा ठरावीक न ठेवता टप्पे ठेवा : डोस संपल्यावर १०-२० मिनिटांनी, दीड ते दोन तासांनी, तीन ते पाच तासांनी, आणि पुढच्या डोसच्या जरा आधी. टप्पा थोडा चुकला तर चालतं, मात्र घेतल्याची खरी वेळ मिनिटापर्यंत नोंदवा. समितीला वजनगटानुसार तक्ता द्या : घेणार किती, मर्यादा किती.

शीतपेटी
+१. तक्त्यात सर्वांत हलकं वजन पहिलं ठेवा, समिती तेच बघते.

मुक्ता_र
तक्ता करते. "डोस संपल्यावर" म्हणजे औषध सोडणारा पंप संपल्याची सूचना देऊन वाजल्यावर ना?

शीतपेटी
नाही! ३ किलोला २० मिग्रॅ प्रति किलो म्हणजे ६० मिग्रॅ. मिलीला २० मिग्रॅ असेल तर ३ मिली. अर्ध्या तासात द्यायचं तर वेग तासाला ६ मिली. पंपापासून बाळापर्यंतच्या जोडनळीत १.५ मिली मावत असेल तर पंप वाजतो तेव्हा अर्धा डोस नळीतच असतो. त्याच वेगाने सलाइन सोडून नळी रिकामी करायला आणखी १५ मिनिटं लागतात. ती वेळ "डोस संपला" म्हणून लिहायची. नोंदवहीत पंप थांबल्याची आणि सलाइन संपल्याची असे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि जोडनळी सगळ्या मुलांना एकाच मापाची वापरा.