मदत हवी आहे: हिमोग्लोबिन कमी, पण आरबीसी काउंट जास्त

वेळणेश्वरकर: बहिणीचे हिमोग्लोबिन 10.4 आहे, पण आरबीसी काउंट 5.6 दशलक्ष, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त आला आहे. रक्त कमी असताना तांबड्या पेशी जास्त कशा? तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही फरक नाही. कृपया लवकर सांगावे.

दापोलीची माई: नाचणीचे आंबील आणि अळिवाचे लाडू द्या, जेवणावर लगेच चहा देऊ नका. माझ्या सुनेचे हिमोग्लोबिन त्यानेच 9 वरून 11.5 झाले.

सूक्ष्मदर्शक: माई, लोह कमी असेल तरच याचा उपयोग. वय आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) किती?

वेळणेश्वरकर: वय 24, एमसीव्ही 61. घाटी चढून रोज घरी येते, दम लागत नाही.

मालवणी माणूस: लावणीचे दिवस आहेत, आधी लेप्टोची (शेतातल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) तपासणी करा आणि प्लेटलेट बघा.

सूक्ष्मदर्शक: ताप नसताना लेप्टो कशाला? 61 ला 5.6 ने भागले की 10.9 येतात. हा मेंटझर निर्देशांक 13 पेक्षा कमी असेल, तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असण्याची शंका घ्यावी, कारण लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनेही घटतात, तर मायनरमध्ये त्या लहान असूनही भरपूर तयार होतात. हा अंदाजच आहे. खात्रीसाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) करून हिमोग्लोबिन ए2 पाहावे, ते बहुधा 3.5 टक्क्यांहून जास्त असते. मात्र लोह कमी असल्यास ए2 खाली दिसू शकते, म्हणून फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) हवे.

दापोलीची माई: सारखे रक्त चढवावे लागते तोच ना हा आजार? धडधाकट पोरीला कशाला घाबरवता?

सूक्ष्मदर्शक: तो मेजर. मायनर असलेली माणसे बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतात.

वेळणेश्वरकर: फेरिटिन 46 आहे, तो कागद वेगळा होता, म्हणून लिहिले नव्हते. मार्गशीर्षात तिचे लग्न आहे, तोपर्यंत हिमोग्लोबिन वाढायला हवे.

सूक्ष्मदर्शक: लग्नाचे आधी सांगायला हवे होते. फेरिटिन ठीक आहे, तेव्हा गोळ्या पुढे चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. तिला मायनर निघाल्यास नवऱ्या मुलाचीही एचपीएलसी लग्नाआधी करा; दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे आईवडिलांकडून येते, त्यामुळे तुम्हीही तपासून घ्या.

दापोलीची माई: मग मुलाकडच्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा, फोनवर नको.

वेळणेश्वरकर: रविवारी जातो. आत्ताच माझा जुना अहवाल काढून पाहिला, त्यात एमसीव्ही 64 आहे. सोमवारी आम्ही दोघेही तपासणीसाठी रक्त देतो.