आईचं हिमोग्लोबिन 8.9 आणि तिने गोळ्या सोडून बीटाचा रस धरलाय

वाईची_लेक:
आई 63 वर्षांची. वाईला एकटी असते, मी पिंपरीत. दिवाळीला गेले तेव्हा जिना चढताना शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभीच राहिली. खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढरीफटक. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.9. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवस घेतल्या. मग शी काळी होते आणि कुंथावं लागतं म्हणून मला न सांगता बंद केल्या.

आता शेजारच्या मावशींनी सांगितल्यावरून रोज उपाशीपोटी दोन बीटांचा रस चालू आहे. मावशींचं म्हणणं, लाल ते रक्तात जातं. परवा पहाटे सहाला आईचा फोन, आवाज एकदम खाली गेलेला. "लघवीतून रक्त जातंय गं." मी पहिल्या एसटीने गेले. पोचेपर्यंत रंग फिका झाला होता, गुलाबी.

तिला बीपीची गोळी चालू आहे. गुडघ्यांसाठी दुखणं कमी करायची गोळीही घेते, बरीच वर्षं. हा रंग बीटाचाच असेल का? आणि बीटाने रक्त खरंच वाढतं का? रस बंद कर म्हटलं की ती रडवेली होते. स्वतःसाठी काहीतरी करतेय असं तिला वाटतं, ते मला मोडायचं नाही.

अंगणातली_तुळस:
ताई, माझ्या मुलाच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. दोन दिवस बीट बंद ठेवा. रंग गेला तर बीटाचा. राहिला तर मात्र डॉक्टरांकडे जाच.

निवृत्त_लॅबवाला:
ताई, मी 31 वर्षं रक्त-लघवी तपासण्यात घालवली. लाल लघवीची बाटली घेऊन घाबरलेली माणसं खूप पाहिली. सूक्ष्मदर्शकाखाली एकही तांबडी पेशी नसली की मी आधी विचारायचो, काल बीट खाल्लं होतं का? बीटातला बीटानिन हा रंग काहींच्या पोटात पूर्ण मोडत नाही, तो लघवीत उतरतो. सगळ्यांना होत नाही. अंगात लोह कमी असलेल्यांत जास्त दिसतं, आणि तुमच्या आईचं ते कमी आहेच. तरी लघवीची साधी तपासणी करून घ्या, म्हणजे त्यांच्या मनातली भीती जाईल.

आता रक्ताचं. 100 ग्रॅम कच्च्या बीटात लोह साधारण 0.8 मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यात बायकांना मिळणाऱ्या लाल गोळीत 60. एका गोळीइतकं लोह बीटातून घ्यायचं तर साडेसात किलो बीट लागेल. त्यातही भाजीतलं लोह अंगी लागतं थोडंच. बीट फॉलेट चांगलं देतं आणि रक्ताला तेही लागतं, पण लोहाची तूट त्याने भरत नाही. मावशींनी मायेने सांगितलं, पण गोळीच्या जागी रस हा बदल आईला महागात पडेल.

मला बीटापेक्षा दुसरीच काळजी वाटते. पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईचं लोह कमी होतं तेव्हा ते कुठून जातंय हे शोधावंच लागतं. गुडघ्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त झिरपू शकतं, दुखत नसलं तरी. मूळव्याधही असू शकते. लोहाच्या गोळीने शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गोळ्या बंद करूनही शी काळी, चिकट, डांबरासारखी होत असेल तर त्याच दिवशी दाखवा. आईला स्पष्ट विचारा, लाजू नका. शौचातलं न दिसणारं रक्त तपासता येतं, डॉक्टरांना विचारून करून घ्या. गुडघ्याच्या गोळीचं नावही त्यांना सांगा.

गोळीने कुंथावं लागतं तर ती एक दिवसाआड चालेल का, हेही विचारा. काहींना ते सोसतं आणि लोहही नीट शोषलं जातं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा तिच्या आसपास नको.

बीट वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्याचा खरा गुण बीपीत आहे. त्यातलं नायट्रेट तोंडातल्या जिवाणूंमुळे बदलतं, पुढे त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. 2008 साली लंडनमध्ये निरोगी माणसांना अर्धा लिटर रस दिला होता, तीनेक तासांत वरचं बीपी सुमारे 10 अंकांनी उतरलं. म्हणूनच सांगतो, बीपीच्या गोळीवर उपाशीपोटी रस घेतला की उठताना चक्कर येते का, ते बघा. घरी यंत्र असेल तर आठवडाभर आकडे लिहून ठेवा.

कऱ्हाडचा_दादा:
मला दोनदा मुतखडा झाला, म्हणून सांगतो. बीटात ऑक्झलेट भरपूर असतं, पाल्यात त्याहून जास्त. पूर्वी खडा झाला असेल तर रोजचा रस नकोच. किडनीचं दुखणं असलेल्यांनीही पोटॅशियमपायी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सुगरण_सोलापूर:
आईचं मन मोडू नका, रसाऐवजी कोशिंबीर करायला सांगा. अर्धं बीट कच्चंच किसायचं. उकडून पाणी ओतून दिलं की निम्मा गुण मोरीत जातो. वर दाण्याचं कूट, लिंबू, हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणी. दही घालायचं तर अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटतं. रसात चोथा जातो आणि तिला तर चोथाच हवाय, पोट साफ व्हायला. संध्याकाळी अळिवाची खीर. लोहाच्या बाबतीत अळीव बीटाच्या कितीतरी पुढे.

वाईची_लेक:
काका, तुमचं लिहिलेलं आईला फोनवर वाचून दाखवलं. साडेसात किलोवर गप्प झाली. मग म्हणाली, शी अजून काळीच आहे, गोळ्या सोडून तीन आठवडे झाले तरी. हे तिने मला सांगितलंच नव्हतं. आज दुपारी तिला घेऊन दवाखान्यात जातेय. गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलंय.