मदत हवी आहे : तिशी-पस्तिशीची माणसं टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं लहानसं मशीन शॉप आहे, सगळे मिळून 34 जण. गेल्या वर्षभरात दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्रामर आणि एक क्वालिटीवाला सोडून गेला. तिघंही 1990च्या आसपास जन्मलेले. मी समजत होतो, चाकणला पगार जास्त मिळाला असेल. चहाला बसवून विचारलं तर एकाने सांगितलं, "सर, पगार सेमच आहे. पण तिथे रविवारी सुट्टी असते."

आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. वडिलांच्या काळापासून चालत आलेलं, मी कधी विचारच केला नव्हता. त्याची बायको आयटीत, पोरगी शाळेत. घरातली तिघं आठवड्यात एकत्र जेवतच नव्हती!

दुसऱ्याचं दुखणं वेगळं. पगार 21,000 च्या वर गेला की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटतं, मग आईवडिलांच्या दवाखान्याचं काय? ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील धरले तर प्रीमियम बराच वाढतो, असं एजंट म्हणतो.

ज्यांचा जन्म 1981 ते 96 मधला आहे त्यांनी खरं सांगा : नोकरी बदलताना आधी काय बघता? आणि लहान कारखानदारांपैकी कुणी गुरुवारची सुट्टी रविवारी नेली आहे का? जॉबवर्क देणाऱ्या कंपन्यांच्या डिस्पॅचचं कसं जमवलंत? पालकांसकट मेडिक्लेम कुणी घेतला असेल तर अर्धा हप्ता कामगाराकडून घेणं त्यांना पटतं का, तेही लिहा. (कॅरम बोर्ड आणून झालाय. धूळ खातोय.)