हिचकॉकचे पिक्चर: कुठं बघितलासा, कुठला डोक्यातनं जाईना झालाय?

खिडकीकडची

आईचा पाय फ्रॅक्चर झालाय, मांडीपर्यंत प्लास्टर. आमचं घर मंगळवार पेठेत, पहिल्या मजल्यावर, खिडकी सरळ गल्लीत उघडते. तिथं खुर्ची लावून दिली आणि बघता बघता हिला गल्लीचा सगळा इतिहास-भूगोल पाठ झाला. समोरची सून दुपारी गच्चीत जाऊन कुणाशी फोनवर बोलते, कोपऱ्यावरचं शटर अर्धंच का ओढलेलं असतं, सगळं. काल म्हणते, "त्या पलीकडच्या घरातलं म्हातारं दिसंना झालंय गं, जरा बघून ये." म्हातारं पुण्याला लेकाकडं गेलंय, खुशाल आहे. पण मला लगेच रिअर विंडो आठवला, सस्पेन्सवाल्या दिग्दर्शक हिचकॉकचा.

कॉलेजात असताना इथं कोल्हापुरात शाहू स्मारकला फिल्म सोसायटीच्या शोला बघितलेला. 1954 चा पिक्चर, जेम्स स्टुअर्ट फोटोग्राफर, पाय प्लास्टरात, उकाड्यात खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगीत डोकावतोय. ते अख्खं अंगण, जिने, घरं स्टुडिओत सेट बांधून उभी केलेली. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ त्याच्याच खोलीत, म्हणजे त्याला दिसतं तेवढंच आपल्याला. पार्श्वसंगीत पण नावालाच, कुणाचा रेडिओ, कुणाचा पियानो, तेवढंच कानावर येतं.

त्यातला एक क्षण सांगते. ग्रेस केली, म्हणजे हिरोची मैत्रीण, समोरच्या बिल्डिंगीतल्या खुन्याच्या घरात घुसलीय आणि सापडलीय. पोलीस आलेत, आणि ती पाठीमागं हात करून बोटातली अंगठी इकडं दाखवतीय, खुन्याच्या बायकोची अंगठी, पुरावा. आपण खूश. तेवढ्यात त्या माणसाची नजर तिच्या हातावर जाते, ती कुणाला दाखवतीय हे त्याला कळतं आणि तो मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघतो. आपल्याकडं! माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण खुर्चीत खाली सरकली होती, खरंच.

तर तुमचे आवडते हिचकॉक कुठले, कुठं बघितले, कुणाबरोबर? लिहा निवांत. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा.

बिनटिकिट

आईंना दुर्बीण तेवढी देऊ नका

न्हाणीघर

सायको. दुसरं नावच नको, त्यातला तो शॉवरखालचा खून! व्हिडिओ कॅसेट भाड्यानं आणून मोठ्या चुलतभावांबरोबर बघितला, मला बघू देत नव्हते तर मी पांघरुणातनं बघितला. आमच्यात तेव्हा न्हाणी मागच्या दारी, तांब्याचा बंब, चाळीसचा बल्ब. सकाळी पाचला अंघोळीला जायचं म्हणजे! त्यात थोरला भाऊ बाहेरून कडी हलवून तोंडानं ते ईं ईं ईं करायचा. आज्जीनं त्याला त्याच बंबाच्या लाकडानं हाणला होता.

टीएनटीवाला

@न्हाणीघर 😂😂 ते ईं ईं म्हणजे नुसती व्हायोलिन-चेलो मंडळी आहेत बरं का, अख्ख्या पिक्चरला फक्त तंतुवाद्यं वापरलीत संगीतकार बर्नार्ड हरमननं. आणि गंमत म्हणजे हिचकॉकला त्या सीनला म्युझिकच नको होतं. हरमननं तरी करून ऐकवलं, मग गडी हो म्हणाला. पाऊण मिनिटाच्या आसपासचा खून, शूटिंगला आठवडा गेला. रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कोण बघतंय.

माझं आवडतं नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट (1959). आठवतंय का, रात्री कार्टून नेटवर्क संपलं की त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं, सगळे जुने इंग्रजी पिक्चर. सबटायटल नाहीत काही नाहीत, इंग्रजी कळायचं म्हणाल तर यस नो. पण तो विमानाचा सीन बघायला इंग्रजी लागतंय कशाला! कॅरी ग्रँट सुटाबुटात एका उजाड फाट्यावर एसटीची वाट बघत उभारल्यासारखा उभा, लांबपर्यंत काही नाही, मिनिटंच्या मिनिटं काही घडत नाही, म्युझिक पण नाही. मग लांब एक औषध फवारणीचं विमान. समोरचा माणूस म्हणतो, पीक नाही तिथं फवारतंय कसं? आणि बसमध्ये चढून जातो. अंगावर काटा. मग ते विमान याच्या मागं लागतं आणि हा पळत जाऊन मक्यात लपतो.

शिरोळकर नव्हे

मक्यात लपला म्हणून सापडला. आमच्या शिरोळ तालुक्यात उसात शिरला असता तर हेलिकॉप्टर आणलं असतं तरी घावला नसता. कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत आत.

टीएनटीवाला

पण पाचटानं कापून सुटाचं वाटोळं झालं असतं

खिडकीकडची

हसून हसून आई विचारायला लागली काय झालं

साठीपार

आमच्या वेळी हे इंग्रजी पिक्चर कोल्हापुरात आले तर मॅटिनीला लागायचे, सकाळच्या खेळाला. टॉकीजमध्ये निम्मी कॉलेजची पोरं आणि निम्मे नुसते गार हवेला आलेले. मी रिबेका पुष्कळ नंतर पाहिला, त्याआधी कोहरा पाहिला होता, वहिदा रेहमान आणि विश्वजीत, 1964 चा. हेमंतकुमारांचं संगीत. त्यामुळं रिबेका बघताना मला सारखी त्यातली गाणी ऐकू येत होती. कथा तीच, मोठी हवेली, वारलेली पहिली बायको आणि तिच्या आठवणी जपणारी ती भयानक कारभारीण. इंग्रजीतल्या नायिकेला पूर्ण पिक्चरभर नावच नाही, लक्षात आलंय का कुणाच्या? घरात सगळीकडं मेलेल्या बाईचं नाव आणि जिवंत बाईला नाव नाही. लग्न होऊन मोठ्या वाड्यात आलेल्या आमच्या पिढीच्या बायकांना ते वेगळं समजवावं लागलं नाही.

रिबेकाला 1940 सालच्या उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं पण ते निर्मात्याकडं गेलं. दिग्दर्शनाचं हिचकॉकला जन्मात मिळालं नाही.

बिनटिकिट

काकू कुठली टॉकीज ते सांगा की. उषा का पद्मा

साठीपार

आता नक्की सांगून खोटं कशाला पाडू. टॉकीजपेक्षा मध्यंतरातला वडा लक्षात आहे.

पंगतवाढप्या

आमचा केटरिंगचा धंदा आहे, रात्री कार्यालयातनं आलं की झोप लागत नाही मग मोबाईलवर जुने पिक्चर बघतो. नोटोरियस (1946) मधली पार्टी बघून मला घाम फुटला होता, आणि खुनाच्या भीतीनं नव्हे. तळघराची किल्ली बाईनं नवऱ्याच्या जुडग्यातनं काढून हिरोला दिलीय. दोघं खाली तळघरात. आणि वर पार्टीत शॅम्पेनच्या बाटल्या संपत चालल्यात! संपल्या की नवरा किल्ली घेऊन खाली येणार. हिचकॉक परत परत त्या बर्फातल्या बाटल्या दाखवतोय, कमी होताना. अरे ही तर माझी रोजची तऱ्हा, तिसरी पंगत बसलीय आणि पांढऱ्या रश्श्याचं पातेलं डावानं खरवडायची वेळ आलीय आणि वधूपिता हसत हसत माझ्याकडंच येतोय. 🙏 या माणसानं धंदा केला असणार आधी, असं वाटतंय.

त्याच सीनच्या सुरुवातीला कॅमेरा वर झुंबराच्या उंचीवर, खाली अख्खी पार्टी, आणि तिथनं तो उतरत उतरत बाईच्या मुठीपर्यंत येतो, मुठीत किल्ली. एका दमात. एवढ्या गर्दीत बघायचं काय ते बरोबर दाखवलं.

खिडकीकडची

@पंगतवाढप्या तुमची पोस्ट या धाग्यातली एक नंबर

टीएनटीवाला

नादखुळा! हेच तर हिचकॉक सांगायचा, टेबलाखालच्या बॉम्बचं. चार माणसं गप्पा मारतायत आणि बॉम्ब एकदम फुटला तर पाच-दहा सेकंद दचकायला होतं. पण बॉम्ब आहे आणि किती वाजता फुटणार हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं तर त्याच फालतू गप्पा जीव घेतात. इथं बॉम्बच्या जागी बाटल्या.

उभाआडवा

सगळे म्हणतात म्हणून व्हर्टिगो बघितला. झोप आली. लोक गाडीतनं एकमेकांच्या मागं फिरतायत तासभर. शिव्या घाला आता

साठीपार

शिव्या कशाला, पिक्चर आला तेव्हा 1958 ला पण समीक्षकांनी थंडच घेतला होता. 2012 साली साइट अँड साउंड या ब्रिटिश सिनेमा मासिकाच्या समीक्षकांच्या यादीत मात्र थेट पहिला, सिटिझन केनला खाली ढकलून. 2022 च्या यादीत दुसरा. चाळिशीनंतर परत बघा. तो माणूस दुसऱ्या बाईला पहिलीसारखे कपडे, पहिलीसारखे केस करायला लावतो, तो भाग तरुणपणी प्रेम वाटतो आणि नंतर किळस येते.

उभाआडवा

चाळिशीला अजून वेळ आहे तोवर दुसरा सुचवा

गल्ली नंबर तीन

शॅडो ऑफ अ डाउट बघ रे. 1943. कुणी घेतच नाही नाव. लहान गाव, साधं घर, आणि आईचा धाकटा भाऊ राहायला येणार म्हणून सगळं घर खूश. म्हणजे मामा! चार्ली मामा. भाचीचं नाव पण चार्ली, मामाच्याच नावावरून. मामा येताना सगळ्यांना भेटी आणतो, भाचीला पाचूची अंगठी आणि तिच्या आत भलत्याच कुणाची तरी अक्षरं कोरलेली. मामा पेपरातलं एक पान पण गुपचूप फाडून ठेवतो. एवढ्यावरनं त्या पोरीला संशय यायला लागतो. सांगायचं कुणाला? आईला? आईचा तर जीव भावात. आमच्या आईसमोर मामाबद्दल शब्द काढून बघा, तो श्रीमंत विधवांचा खुनी असू दे नाहीतर कोण, आधी मला जेवण बंद.

आणि वडील आणि शेजारी रोज जेवणानंतर "मी तुझा खून कसा करीन" यावर गप्पा मारतात, आवड म्हणून. घरात खरा खुनी बसलाय. काय डोकं आहे.

न्हाणीघर

मामा विषयावर धागा वेगळा काढा, मला लई लिहायचंय

बिनटिकिट

बर्ड्स कुणीच नाही? आम्ही हॉस्टेलवर बघितला रात्री, आणि मग चहाला बाहेर पडलो, कुठं तर कावळा नाक्यावर. चौघांपैकी एकजण म्हणाला इथं नको. नाव बदलून ताराराणी चौक झालंय म्हणून कसंबसं समजावलं.

खिडकीकडची

😂 त्यात तर म्युझिकच नाही, इलेक्ट्रॉनिक यंत्रावर काढलेले पक्ष्यांचे आवाज फक्त. नायिका शाळेबाहेर बाकावर बसून सिगरेट ओढतीय आणि मागच्या जंगलजिमवर एकेक कावळा येऊन बसतोय, तिला माहीतच नाही.

डाव्या हाताची

तो पिक्चर मला आवडायचा पण त्यातल्या नायिकेनं, टिपी हेड्रननं नंतर जे सांगितलं ते वाचल्यापासून माळ्यावरचा तो सीन बघवत नाही. खोटे पक्षी वापरणार म्हणून सांगितलेलं आणि सेटवर खरे आणून दिवसेंदिवस अंगावर फेकले. शेवटी डॉक्टरनं विश्रांतीला घरी पाठवलं. वर हिचकॉकच्या वागण्याबद्दल तिनं लिहिलंय ते वेगळंच. मोठा दिग्दर्शक आहेच, मी पण सगळे बघते, पण ते डोक्यातनं जात नाही.

साठीपार

बरोबर आहे तुमचं. आणि त्याची बायको, आल्मा रेव्हिल, हिचं नाव किती जणांना माहीत? एडिटिंगमधली मुरलेली बाई, पटकथा लिहायची, सायको तयार झाल्यावर मेलेली दाखवलेल्या नटीची हालचाल होतेय हे हिनंच पकडलं असं सांगतात. पोस्टरवर फक्त त्याचं पोट.

ओटीवरचा

मला सस्पेन्स म्हटलं की इंग्रजी नाही, केशवराव भोसले नाट्यगृहातली रहस्य नाटकं आठवतात. डायल एम फॉर मर्डर पण मूळ नाटकच की. 2024 च्या ऑगस्टमध्ये नाट्यगृह जळताना रस्त्यावर उभी राहून माणसं रडत होती. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर ते. विषयांतर झालं, असू दे.

पंगतवाढप्या

असू दे. मी तिथं पडदा ओढायला होतो एका हौशी नाटकात, लहानपणी.

टीएनटीवाला

डायल एमचा हिंदीत ऐतबार झालाय बघा, 1985. डिंपल. कात्रीवाला सीन मूळातलाच भारी पण.

उभाआडवा

शॅडो बघितला. मामा भारी. आता पुढचा सांगा

गल्ली नंबर तीन

सस्पिशन. कॅरी ग्रँट रात्री बायकोसाठी दुधाचा ग्लास घेऊन अंधाऱ्या जिन्यानं वर येतो आणि सगळ्या पडद्यावर फक्त तो ग्लासच चमकतोय. ग्लासात बल्ब ठेवला होता हिचकॉकनं. विष आहे का नाही, बायकोला माहीत नाही, आपल्याला पण नाही. शेवट मात्र मला पटला नाही, गुळमुळीत केलाय.

न्हाणीघर

म्हणून दूध गंगावेशला कट्ट्यावर प्यायचं. डोळ्यांदेखत धार काढून देतात, बल्बची भानगड नाही

बिनटिकिट

रविवारी रात्री कोण कोण येतंय कट्ट्यावर? मी आहे

पंगतवाढप्या

लग्नतिथी आहे, जमणार नाही. सोमवारी करा

उभाआडवा

सोमवार चालतंय. @गल्ली नंबर तीन यांना बोलवा पण यांनी शेवट सांगायचे नाहीत, आत्ताच निम्मा सांगून टाकलाय