कौलं काढून पत्रा टाकायचाय, पत्रे नक्की किती? (दापोली) मदत हवी आहे

मंडळी, गावचं घर दापोली तालुक्यात, कौलारू. वानरांचा कळप छपरावरून एक चक्कर मारून गेला की पंचवीस-तीस कौलं फुटलीच, आणि मे महिन्यात कौलं परतायला (काढून पुन्हा नीट लावायला) माणूस मिळत नाही, मिळाला तर तो म्हणेल ती मजुरी. म्हणून दिवाळीनंतर लोखंडी पाईपच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) मारून कलर कोटेड पत्रा टाकायचं ठरलंय. आईचा विरोध आहे (उन्हाळ्यात भट्टी होईल आणि पावसात टीव्ही ऐकू येणार नाही, दोन्ही खरंय) पण त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

प्रश्न हिशोबाचा आहे. दोन फॅब्रिकेटर येऊन मापं घेऊन गेले. एक म्हणतो मेन छपराला 20 पत्रे, दुसरा म्हणतो 24, आणि माझे येतात 22.

मापं अशी. आढ्याच्या दिशेने घर 32 फूट, रुंदी 22, दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू), आढं भिंतीच्या माथ्यापासून 6 फूट वर. आढं पूर्व-पश्चिम. दोन्ही टोकांना दीड-दीड फूट पत्रा बाहेर काढायचा म्हणजे लांबी 35. उताराचं म्हणाल तर आडवं 11 आणि उभं 6, शाळेतला पायथागोरस लावून साडेबारा फूट, खाली वळचणीला 2 फूट बाहेर धरले की उतारावर 14.8, म्हणजे 15 फुटी पत्रा. इथपर्यंत तिघांचं जमतंय.

पुढे पहिला म्हणतो पत्रा साडेतीन फुटी, 35 भागिले साडेतीन दहा, दोन पाख्यांचे 20, विषय संपला. अहो पण एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढणार ना? दुकानात बघितलेल्या पत्र्याची पूर्ण रुंदी 1070 मिमी आहे पण बसवल्यावर झाकते 1000 च. 35 फूट म्हणजे 10.67 मीटर, दहा पत्र्यांत 10.07 होतात, दोन फूट उघडंच. म्हणून अकरा. दुसरा बारा का धरतो ते सांगत नाही, "वेस्टेज पकडायला लागतं" एवढंच. सरळ चौकोनी छप्पर, पत्रा मापात कापून येणार, वेस्टेज कसलं?

आणि दर दोघेही स्क्वेअर फुटावर सांगतात. कुठला स्क्वेअर फूट ते विचारलं की गडबड. घराचा धरला तर 704, वळचणीसकट वरून बघितलं तर 910, उतारावर टेप टाकला तर 1036, आणि विकत घेतलेल्या 22 पत्र्यांचा धरला तर 1155. पहिल्याचा दर कमी आहे पण तो मोजणार विकतच्या पत्र्यावर, दुसऱ्याचा जास्त पण मोजणार उतारावर. कोण स्वस्त हेच कळेना.

शिवाय पुढे 8 फुटांची पडवी आहे, उतार कमी (8 ला 2), तिला 10 फुटी 11 पत्रे धरलेत. स्क्रू आणि पर्लिनचे (पत्र्याखाली आडवे टाकायचे) पाईप किती धरू? आणि आयशर ट्रक वाडीपर्यंत येत नाही, तर 15 फुटीऐवजी दोन तुकडे केले तर चालेल का?

वेल्डिंगवाला: तुमचे 22 बरोबर आहेत दादा. बारावा पत्रा तुमच्या पैशाने येतो आणि त्याच्या पुढच्या कामावर जातो, आमच्याच धंद्यातलं सांगतोय. तुकडे अजिबात करू नका, जोड म्हणजे गळती, पत्रा हलकाच असतो, दोन माणसं डोक्यावरून आणतात. पाईपचं सांगतो, कोकणात पर्लिन 4 फुटांवर नको, 3 वर घ्या, म्हणजे एका पाख्याला 6 ओळी. 12 ओळी गुणिले 35 म्हणजे 420 फूट, पाईप 20 फुटी येतो, 21 होतात, जोड कैचीवरच यायला पाहिजेत म्हणून 22 घ्या. पडवीच्या 4 ओळींना 7. स्क्रू वरच्या आणि खालच्या ओळीला पत्र्यामागे 5, मधल्या ओळींना 3. म्हणजे मेन पत्र्याला 22 स्क्रू, पडवीच्याला 16. सगळे मिळून 660, कडा शिवायला धरून 800 घ्या. रिज (आढ्यावरची पट्टी) 35 फुटांना 10 फुटी चार, सहा इंच एकमेकांवर.

दर स्क्वेअर फुटावर ठरवूच नका. पत्रा रनिंग फुटावर (नुसत्या लांबीवर), लोखंड किलोवर, मजुरी वेगळी, आणि 18 टक्के जीएसटी धरून की सोडून ते आधी लिहून घ्या. पत्रा आला की एक काट्यावर टाका. 0.50 मिमी जाडीचा 15 फुटी पत्रा 21-22 किलो भरला पाहिजे, वीसच्या खाली गेला तर 0.45 किंवा त्याहून पातळ दिलाय. रंगावरून काहीच कळत नाही.

आंजर्ल्याचा: स्क्रूत कंजुषी नको. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्याकडे पत्रे झाडांवर लटकलेले बघितलेत, आणि उडाले ते बहुतेक वळचणीकडून उचकटले. लावायला पूर्वेकडून सुरुवात करा आणि पश्चिमेकडे या, म्हणजे पावसाळी वारा जोडात शिरणार नाही. स्क्रू उंचवट्यावर मारा, आणि रबराचा वायसर चेपून बाहेर येईपर्यंत आवळू देऊ नका, दोन उन्हाळ्यांत तडकतो.

धागाकर्ता: दोघांचे आभार. रनिंग फुटाने मेन 330 आणि पडवी 110, एकूण 440 होतात, तसं दोघांकडून नवीन कोटेशन मागितलंय. चोवीसवाल्याने फोनवरच "बावीसमध्ये बसवू" म्हटलं! वजन करून घेणार म्हटल्यावर पहिला जरा गप्प झाला. आता एकच राहिलं, पडवीचा पत्रा मेनच्या वळचणीखाली किती आत सरकवायचा? मी एक फूट धरलाय, पण समोरून झड येते तेव्हा एवढा पुरेल का?

वेल्डिंगवाला: एक फूट पुरतो, पण पडवीच्या पत्र्याचं वरचं टोक पन्हळीसारखं वर वाकवून घ्या आणि भिंतीला फ्लॅशिंग (फट झाकणारी पत्र्याची पट्टी) मारा. ती 32 फूट वेगळी धरा, तुमच्या यादीत नाहीये.