ॲटलस-अजेना रॉकेट खरंच सदोष होतं का?

आर्याची_आई
नमस्कार. लेक आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने नासाच्या रेंजर चांद्रयानांचं रॉकेट, ॲटलस-अजेना (खाली ॲटलस, त्यावर अजेना हा दुसरा टप्पा), निवडलंय. कार्डशीटचं मॉडेल करतोय. रेंजरची पहिली सहा यानं वाया गेली म्हणून तिने तक्त्यावर 'सदोष रॉकेट' असं लिहिलंय. मला ते खटकतंय, पण नेमकं काय चुकलं होतं ते सांगता येत नाही. शिवाय त्याची टाकी फुग्यासारखी फुगवून उभी ठेवत, असं वाचलं. हे खरं आहे का?

पत्रेवाला_सांगली
ताई, अगदी खरं आहे. मी ३१ वर्षं डेअरीच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवतोय, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

आमच्या टाकीचा पत्रा ३ मिलिमीटरचा, वर बाहेरून पट्ट्यांचा आधार. ॲटलसचा पत्रा बऱ्याच ठिकाणी १ मिलिमीटरसुद्धा नव्हता, आणि व्यास ३ मीटर! आत सांगाडा नाहीच. वजन वाचवायला ॲटलस बनवणाऱ्या कॉन्व्हेअर कंपनीच्या कारेल बोसार्ट या अभियंत्यांनी हा मार्ग धरला: टाकीत सतत दाब ठेवायचा, म्हणजे पत्रा ताणलेला राहतो. पातळ पत्रा ओढ सोसतो, चेप सोसत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका डेअरीत टाकी गरम पाण्याने धुतली, व्हेंट (हवा आत-बाहेर जायचं तोंड) बंदच राहिला आणि लगेच गार पाणी सोडलं. आतली वाफ आटली, धाडकन आवाज झाला आणि एक बाजू हातभर आत गेली. वेल्ड एकही उकलला नव्हता. मे १९६३ मध्ये अमेरिकेतल्या व्हॅन्डनबर्गच्या प्रक्षेपण तळावर उभ्या असलेल्या एका ॲटलसच्या टाकीतला दाब गेला, तेव्हा वरच्या अजेनाच्या भाराने अख्खं रॉकेट जागच्या जागी खाली बसलं. ते चित्रीकरण बघताना माझ्या पोटात खड्डा पडला होता.

आता 'सदोष'चं. १९६१ मधल्या पहिल्या दोन रेंजरच्या वेळी ॲटलसने काम केलं, पण वरचं अजेना पृथ्वीच्या कक्षेत गेल्यावर दुसऱ्यांदा पेटलंच नाही. तिसऱ्याला ॲटलसच्या मार्गदर्शन यंत्रणेतल्या बिघाडाने जास्त वेग मिळाला आणि ते चंद्राला चुकवून गेलं. चौथं आणि पाचवं मात्र यानातल्याच बिघाडाने गेलं, तिथे रॉकेटला बोल लावू नये.

सहावं मला सगळ्यात चटका लावतं. ३० जानेवारी १९६४ ला उड्डाण उत्तम, नेम अचूक, यान चंद्रावर ठरल्या जागी जाऊन आदळलं, पण आदळायच्या आधी जी छायाचित्रं पाठवायची होती त्यातलं एकही आलं नाही. ॲटलसची तिन्ही इंजिनं जमिनीवरच पेटत. दोनेक मिनिटांनी बाजूची दोन गळून पडत आणि मधलं चालू राहत असे. चौकशीत जे कारण पटलं ते असं: ती दोन इंजिनं सुटताना नळ्यांमधलं उरलेलं इंधन आणि ऑक्सिजन बाहेर सांडून पेटलं. तो तापलेला वायू वर चढून बाहेरच्या विजेच्या जोडणीच्या पिनांपर्यंत पोहोचला, त्याच्यामुळे पिनांमधून वीज वाहिली आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा नको तिथे चालू झाली. तिथल्या विरळ हवेत उच्च दाबाच्या विजेने ठिणग्या पडल्या, सगळं जळलं. पुढचे तीन दिवस यान धडधाकट दिसत होतं! ज्यांनी ते बांधलं होतं त्यांचं शेवटच्या मिनिटांत काय झालं असेल.

त्यामुळे 'सदोष' खोडा आणि 'शिकत गेलेलं रॉकेट' लिहा. सातव्या रेंजरने ३१ जुलै १९६४ ला ४,३०८ छायाचित्रं पाठवली. शेवटचं अर्धवटच आहे, कारण ते पोहोचायच्या आत यान आदळलं.

खिडकीतून_चंद्र
सुंदर लिहिलंत. एक भर: अजेनाची दोन द्रव्यं एकमेकांना भिडताच पेट घेत, त्यामुळे अंतराळात इंजिन पुन्हा सुरू करायला वेगळी ठिणगी लागत नसे. आणि १९६६-६७ मध्ये याच जोडीने लूनर ऑर्बिटरची पाचही यानं चंद्राकडे नीट पाठवली. अपोलो कुठे उतरवायचं ते त्यांच्या छायाचित्रांवरून ठरवलं गेलं. हे तक्त्यावर यायलाच हवं.

गॅरेज_कोल्हापूर
आमच्या गॅरेजमधला डब्ल्यूडी-४० चा डबासुद्धा या रॉकेटचा नातेवाईक आहे. ॲटलसचा पातळ पत्रा गंजू नये म्हणून कॉन्व्हेअर तो फवारा वापरायची. प्रदर्शनात मॉडेलशेजारी एक डबा ठेवा, मुलं नक्की विचारतील.

आर्याची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं. टाकीचा दाब लोकांना कसा दाखवायचा, असं ती विचारतेय.

पत्रेवाला_सांगली
पाण्याच्या पातळ प्लॅस्टिकच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीचं झाकण उघडं ठेवा, दुसरीचं घट्ट लावा. दोन्हींवर एकेक वही ठेवून हळूच दाबायला सांगा. आणि मॉडेलमध्ये अजेनाचा व्यास ॲटलसच्या निम्मा ठेवा, म्हणजे दीड मीटरच्या हिशोबाने. बाजूची दोन इंजिनं सुटी करता आली तर फार छान.