प्रतिसाद: पिकअपच्या हौद्यात रबरी मॅट की प्लास्टिक लायनर?
पिकअपच्या हौद्यासाठी तयार प्लास्टिक लायनर (पत्रा वाचवायला आतून बसवायचं कडक कवच) घ्यावा की रबरी मॅट, असं विचारलंत. माझं मत मॅटला. प्लास्टिक गुळगुळीत, घाटात चढाला टोमॅटोचे क्रेट थेट फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या दारावर) येऊन आदळतात. शिवाय त्याच्याखाली वाळू शिरली की हादऱ्यांनी रंग घासला जातो, पाणी साचतं आणि आतला गंज वरून दिसतही नाही.

मी गोठ्यात गाईंखाली घालतात ती जाड रबर मॅट कापून टाकलीय. जड आहे, उचलायला दोघं लागतात (आणि नवीन असताना वास डोकं उठवतो!), पण हलत नाही. हौद्याची पाणी जायची भोकं तेवढी झाकू नका. पावसाळ्यात अधूनमधून मॅट काढून खालचा पत्रा धुवा, वाळवा.

या दोन्हींऐवजी स्प्रे कोटिंग (पत्र्यावर फवारून बसवायचा जाड थर) करणार असाल तर आधी गंज खरवडून काढा, नाहीतर तो आतल्या आत पसरतो.